टाचणवहीतली शिळी ओळ: नव्या शिक्षकांसाठी

मी एकदा सहावीच्या फळ्यावर लिहिलं, ‘महाराष्ट्रात ३५ जिल्हे आहेत.’ तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “बाई, छत्तीस. आमचं गाव जव्हारकडे आहे. आमचा जिल्हा आता पालघर.”

ती बरोबर होती. पालघर ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, आणि मी हे सांगत होते त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर. बातमी मला माहीत होती, पेपरात नवा नकाशाही पाहिला होता. पण वर्गात जाताना मी टाचणवही, म्हणजे धड्याची तयारी लिहून ठेवायची वही, उघडली होती आणि त्या वहीतली ओळ तीन वर्षांपूर्वीची होती.

यंदा मुंबईतल्या एखाद्या शाळेत रुजू झालेल्या तुमच्यासारख्यांना मला हेच आधी सांगायचं आहे. बातमी डोक्यात नवी असते आणि टाचणात जुनी राहते. ‘ऑनलाइन साहित्य वापरा’ असं सगळे सांगतात, म्हणून नवा शिक्षक रविवारी रात्री मोबाइल घेऊन बसतो, चाळीस व्हिडिओ बघतो आणि सोमवारी कुठलाच न वापरता तोच जुना धडा शिकवतो. दोष त्याच्या मेहनतीचा नसतो, क्रम उलटा असतो. सुरुवात वहीपासून करायची, इंटरनेट नंतर.

पेन्सिल घेऊन एक घटक वाचा

पूर्ण वर्षाचा अभ्यासक्रम ताजा करायला जाऊ नका. पुढच्या महिन्यात येणारा एकच घटक घ्या, टाचण आणि पाठ्यपुस्तक शेजारी ठेवा आणि प्रत्येक ओळीला विचारा: ही ओळ शिळी होऊ शकते का?

बऱ्याच ओळी होत नाहीत. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज, पाण्याचं बाष्पीभवन, अभंगाचा अर्थ यांना तारीख लागत नाही. तिथे नवं काही शोधण्यात वेळ घालवू नका. काही ओळी मात्र कुणीतरी ठरवल्यामुळे एका दिवसात बदलतात. ऑगस्ट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं प्लूटोला बटुग्रह ठरवलं आणि ग्रह आठ राहिले. २०१६ मध्ये आवर्तसारणीतल्या नाव नसलेल्या उरलेल्या चार मूलद्रव्यांना नावं मिळाली आणि सातवी ओळ पुरी झाली. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या वजनावर अवलंबून राहिली नाही, ती प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, गेली. भूगोल-नागरिकशास्त्राच्या बाईंना तर दर वर्षी काही ना काही असतंच: जम्मू-काश्मीर आणि लडाख ऑक्टोबर २०१९ अखेर केंद्रशासित झाले, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २६ जानेवारी २०२० ला एक झाले, आणि राज्यं २८, केंद्रशासित प्रदेश ८ असा हिशेब झाला. आपल्याकडे औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. मराठीच्या तासाला ३ ऑक्टोबर २०२४ ही तारीख हवीच, त्या दिवशी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला.

काही आकडे तर सतत हलते असतात. शनीचे उपग्रह किती, हे मी आता पाठ करून घेत नाही. मार्च २०२५ मध्ये एकाच वेळी १२८ नवे मान्य झाले आणि संख्या २७४ वर गेली. अशा ठिकाणी आकड्यापेक्षा ‘मोजणी अजून चालू आहे’ हीच शिकवण्याची गोष्ट आहे.

एक इशारा. नवा आकडा म्हणजे जास्त खरा आकडा असं नाही. मुंबईची लोकसंख्या शोधली की दोन कोटींच्या पुढचे आकडे सर्रास दिसतात. पण त्यातले बरेचसे अंदाज असतात आणि त्यात कधी ठाणे-नवी मुंबई धरलेली असते, कधी नसते. घरोघरी जाऊन मोजलेला आकडा २०११ च्या जनगणनेचा, बृहन्मुंबईसाठी सुमारे १ कोटी २४ लाख. मी फळ्यावर तोच लिहिते आणि पुढे ‘२०११ ची जनगणना’ लिहिते. अंदाज सांगायचा तर ‘अंदाज’ हा शब्द उच्चारून सांगते.

अशा ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारा. एका घटकात दोन-तीनच निघतात, कधी एकही निघत नाही. काम तेवढंच आहे, हे कळलं की रविवारची रात्र हलकी होते.

मग पुस्तकाची आवृत्ती बघा

मुलांच्या हातात एकाच धड्याच्या दोन-तीन वर्षांच्या प्रती असतात. ताईचं पुस्तक धाकट्याला येतं, कुणी रद्दीवाल्याकडून घेतं. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानांत प्रथमावृत्ती आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष छापलेलं असतं. ते वाचा. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. तिथली सध्याची प्रत उतरवून घ्या आणि रेघ मारलेल्या ओळी तिच्याशी ताडून बघा. अनेकदा बालभारतीनं दुरुस्ती आधीच केलेली असते आणि आपल्या कपाटातली प्रतच जुनी असते.

दुरुस्ती झालेली नसेल तर? पाचवी-सहावीत मी सरळ सांगते, ‘पुस्तक छापलं तेव्हा हे बरोबर होतं, नंतर बदललं, कधी बदललं ते लिहून घ्या.’ दहावीत मुलं घाबरतात, गुण जातील म्हणून. त्यांना पुस्तकातलं वाक्य आणि आजची स्थिती दोन्ही वहीत लिहायला लावा आणि उत्तर लिहिताना पुस्तकाला धरून राहायला सांगा. पुस्तक चुकलं, असं त्यांच्यासमोर तावातावानं बोलू नका. परीक्षेच्या तोंडावर मुलाचा पुस्तकावरचा विश्वास उडाला तर तो दुसरं काही हातात घेत नाही, तो नुसता अस्वस्थ होतो.

ही गोष्ट ठरवतं कोण?

शोधायला बसलात की पहिला प्रश्न हा. गुगलमध्ये वर काय आलं हा नव्हे. जिल्हा निर्माण करतं राज्य शासन, म्हणून जिल्ह्यांची माहिती शासनाच्या संकेतस्थळावर. चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ रोजी, त्याची छायाचित्रं इस्रोकडे. पाऊस मोजतं भारतीय हवामान खातं. तलाव मोजते मुंबई महापालिका. जो ठरवतो किंवा मोजतो तो त्या माहितीचा मालक. मालकाच्या दारात माहिती मिळाली की बाकीच्या दहा पानांची गरज संपते.

मराठीत वाचायचं तर मराठी विश्वकोश मोफत खुला आहे आणि त्याची भाषा वर्गात तशीच वाचून दाखवता येते. पण त्याचे छापील खंड गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून निघत आले. नोंद किती काळजीपूर्वक लिहिली आहे हे एक, आणि ती कधी लिहिली आहे हे वेगळं. संकल्पना, व्याख्या, इतिहास यांसाठी मी विश्वकोशाकडे जाते, आजच्या आकड्यासाठी जात नाही. मराठी विकिपीडियाचं याच्या उलट आहे. तिथे कालचा बदल आज दिसतो, पण तो कुणी केला ते बघावं लागतं. पानावरचा ‘इतिहास’ उघडा आणि तळाचे संदर्भ बघा. संदर्भच नसेल तर ते वाक्य वर्गात नेऊ नका.

एआयला विचारायचं का, हे आता प्रत्येक नवा शिक्षक मला विचारतो. प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदा, एकाच उदाहरणाचे पाच प्रकार यासाठी विचारा, वेळ वाचतो. तारीख, आकडा, नाव यांसाठी त्यावर विसंबू नका, तेही मालकाकडे जाऊनच पडताळा. आणि त्याची मराठी वाचून बघा. पाठ्यपुस्तकातली पारिभाषिक संज्ञा सोडून भलताच शब्द तो अगदी आत्मविश्वासानं देतो.

कुठे काय चांगलं मिळतं

सगळी यादी देत नाही. मी स्वतः पुन्हा पुन्हा जिथे जाते तेवढंच सांगते.

‘दीक्षा’ हे ॲप ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याजवळ जो क्यूआर कोड दिसतो तो याचा. ॲपमध्ये राज्य मंडळ, मराठी माध्यम आणि इयत्ता एकदा निवडा. कोड फाटला असेल, कुणी त्यावर मिशा काढल्या असतील, तर त्याच्याखाली सहा अक्षर-अंकांचा छोटा संकेत असतो, तो टाइप केला तरी साहित्य उघडतं. आवडलेलं घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, मग शाळेत नेटवर्क नसलं तरी चालतं. गुणवत्ता सगळीकडे सारखी नाही. काही व्हिडिओ सुरेख आहेत, काही म्हणजे धडाच मोठ्यानं वाचलेला आहे. दुसऱ्या प्रकारचा दाखवण्यापेक्षा तुम्हीच वाचा, तुमचा आवाज मुलांना ओळखीचा आहे.

विज्ञानासाठी ‘फेट’ मला सगळ्यात उपयोगी वाटतं. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात पडद्यावरच्या प्रयोगांचा हा प्रकल्प सुरू केला. पडद्यावर तार जोडायची, दिवा लावायचा, घट वाढवायचा आणि काय होतं ते बघायचं. अनेक प्रयोग मराठीत आहेत आणि फाइल उतरवून इंटरनेटशिवायही चालवता येतात. व्हिडिओत मूल बघतं, इथे मूल आधी अंदाज करतं आणि मग करून बघतं. फरक फार मोठा आहे. प्रयोगशाळेत खरी बॅटरी आणि खरा बल्ब असेल तर मात्र तोच आधी. फेट त्याच्यानंतर, तारेतून जे दिसत नाही ते दाखवायला.

भूमितीसाठी जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर घ्या. ते वापरायला शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये मराठी ध्वनी असलेले धडे आहेत. ऐकत ऐकत शेजारी करून बघता येतं. एका सुट्टीत होतं.

भाषेच्या शिक्षकांनी ‘किशोर’ विसरू नये. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक ऑनलाइन मोफत वाचायला मिळतात. धड्यातल्या लेखकाचं दुसरं काही लेखन शोधा, पाच मिनिटं वाचून दाखवा. मराठीच्या तासाला ‘अद्ययावत’ म्हणजे नेहमी नवंच असतं असं नाही, पन्नास वर्षांपूर्वीची गोष्टही पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलाला नवीनच असते.

आणि मुंबईत आहात तर पडद्याबाहेरही जा. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद, वरळीचं नेहरू तारांगण हे सगळं लोकलच्या अंतरावर आहे. बाहेरगावच्या शिक्षकांना हे सुख नाही.

दुसरीकडचं साहित्य इथे चालतं का, ते तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

इंग्लंड-अमेरिकेत केलेल्या सावलीच्या व्हिडिओत सांगतात की भरदुपारी सावली उत्तरेकडे पडते. त्यांच्याकडे वर्षभर पडते. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भरदुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. या काळाच्या दोन्ही टोकांना एकेक शून्य सावलीचा, म्हणजे भरदुपारी सावली नाहीशी होण्याचा, दिवस येतो. मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि जुलैत आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे वर्गासोबत तो दिवस पकडायला नशीब लागतं. मी मेमधला प्रयोग सुट्टीचा गृहपाठ म्हणून देते: गच्चीत किंवा चाळीच्या अंगणात एक उभी बाटली, दुपारी साडेबाराच्या थोडं आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीची खूण. जे गावी जातात त्यांनी गावचं नाव आणि तारीख लिहायची. जूनमध्ये वह्या शेजारी ठेवल्या की दक्षिणेकडच्या गावातली सावली आधी नाहीशी झालेली दिसते, आणि अक्षांश म्हणजे काय हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

ऋतूंचंही तसंच. पानगळ आणि बर्फ असलेले चार ऋतू पाहून आलेलं मूल पावसाळा कुठे बसवायचा म्हणून गोंधळतं. तापमान फॅरनहाइटमध्ये, अंतर मैलांत, विजेचा दाब ११० ते १२० व्होल्ट असे आकडे आले की थांबा. आपल्या घरात २३० व्होल्ट असतो.

दुसरी अडचण शब्दांची. मुंबईतली मुलं घरी हिंदी व्हिडिओ बघतात आणि तो काही गुन्हा नाही. पण हिंदीतली कोशिका म्हणजे आपली पेशी, तत्त्व म्हणजे मूलद्रव्य, यौगिक म्हणजे संयुग. हुशार मुलगी परीक्षेत ‘कोशिका’ लिहून येते आणि तिला वाटतं आपलं बरोबर आहे. म्हणून असा व्हिडिओ सुचवलात तर फळ्याच्या कोपऱ्यात दोन रकाने काढा, व्हिडिओतला शब्द आणि पुस्तकातला शब्द. मराठी संज्ञेबद्दल स्वतःलाच शंका आली तर भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश ऑनलाइन आहेत. प्राथमिकला शिकवत असाल तर संख्यावाचनाकडे लक्ष द्या. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ अशी वाचनपद्धत आली आणि राज्यभर चर्चा झाली. व्हिडिओ एक म्हणतो, आजी दुसरं शिकवते, पुस्तकात दोन्ही असतं. कुठलं कधी म्हणायचं हे बाईंनी आधीच ठरवून सांगितलं नाही तर सात वर्षांचं मूल रडकुंडीला येतं.

एक धडा शेवटपर्यंत: शतमान आणि सात तलाव

इतकं वाचून ‘पण प्रत्यक्षात कसं?’ असं वाटेल, म्हणून माझा सातवी-आठवीचा एक तास सांगते. शतमान आणि सरासरी पुस्तकातल्या उदाहरणांनी मी वर्षानुवर्षं शिकवली: दुकानदार, सूट, नफा. मुलं गणितं सोडवत, आणि पुढच्या घटकात विसरत.

पावसाळ्यात मुंबईच्या प्रत्येक घरात एक प्रश्न विचारला जातो, तलाव किती भरले? महापालिका पावसाळ्यात रोज सातही तलावांचा साठा जाहीर करते आणि वर्तमानपत्रं तो छापतात. हा आकडा रोज ताजा, मालकाकडून आलेला आणि मराठीत मिळतो. शोधावं लागतं फक्त एकदाच, तलावांची पूर्ण क्षमता. ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे, दशलक्ष लिटरमध्ये: अप्पर वैतरणा २,२७,०४७, मोडक सागर १,२८,९२५, तानसा १,४५,०८०, मध्य वैतरणा १,९३,५३०, भातसा ७,१७,०३७, विहार २७,६९८ आणि तुळशी ८,०४६. एकूण १४,४७,३६३.

तास असा चालतो. मी पहिल्यांदा विचारते, आपल्या नळाला पाणी कुठून येतं? निम्मा वर्ग पवई म्हणतो. पवईचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत, हे ऐकून घाटकोपर-विक्रोळीची मुलं दर वर्षी चकित होतात. मग सात नावं आणि क्षमता फळ्यावर. कुणाची क्षमता एकूण साठ्याच्या किती टक्के, हे प्रत्येक गटानं एकेका तलावाचं काढायचं. भातसा एकटा जवळजवळ निम्मा निघतो, साडेएकोणपन्नास टक्के. मुंबईच्या हद्दीतले विहार आणि तुळशी दोघं मिळून अडीच टक्क्यांनाही पोचत नाहीत. वर्ग शांत होतो. कारण ‘तुळशी ओसंडून वाहू लागला’ ही बातमी घरात आनंदानं वाचलेली असते.

त्यानंतर माझा आवडता प्रश्न. समजा, विहार आणि तुळशी शंभर टक्के भरले आणि उरलेले पाच तलाव पन्नास टक्केच भरले. तर मुंबईचा साठा किती टक्के? मुलं सात टक्केवाऱ्यांची बेरीज करून साताने भागतात आणि ६४ टक्के सांगतात. मी चूक म्हणत नाही. लिटरमध्ये करून बघा, एवढंच सांगते. उत्तर येतं ५१ टक्के. तेरा टक्क्यांचा फरक कुठून आला, यावर उरलेला तास जातो आणि तो जाऊ देते. टक्केवाऱ्यांची सरासरी आंधळेपणानं काढायची नसते, हे पुस्तकातल्या दुकानदारानं मला कधी शिकवता आलं नाही.

शेवटी त्या दिवशीच्या पेपरातले आकडे देते आणि गृहपाठ म्हणून आठवडाभर रोज साठा टिपून आलेख काढायला सांगते. पेपर घरी येत नसेल त्यांच्यासाठी मी शाळेच्या सूचनाफलकावर कात्रण लावते. एका वर्षी शहापूरकडच्या मुलानं विचारलं, भातसा आमच्या तालुक्यात आहे, तर मग उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर टँकर का येतो? गणिताच्या तासाला त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण प्रश्न टाळला नाही, तो भूगोलाच्या सरांच्या तासाला नेला आणि तिथे दोन तास चालला.

बघा, या सगळ्यात पडदा कुठेच नाही. ऑनलाइनवरून घेतलं ते आकड्यांचं एक पान, बाकी फळा-खडू. भूगोलात हेच पावसाचं करता येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७५ मिलिमीटरच्याही आत. एकाच शहरातल्या दोन वेधशाळांचे हे दोन आकडे शेजारी लिहा आणि मुलांना घरी आईवडिलांना ‘तेव्हा तुम्ही कुठे होता’ विचारून यायला सांगा.

वर्गात नेताना

पन्नास मुलांना मोबाइलचा पडदा दाखवत बाकांमधून फिरू नका. मागच्यांना काही दिसत नाही आणि पुढचे बघून गप्पा मारतात. प्रोजेक्टर असेल तर व्हिडिओ तीन-चार मिनिटांपेक्षा मोठा नको, मध्ये दोनदा थांबवा आणि ‘आता पुढे काय होईल’ विचारा. आधी स्वतः शेवटपर्यंत बघा. मी एकदा शेवटचं मिनिट न बघता व्हिडिओ लावला, आणि पाठोपाठ आपोआप सुरू झालेला दुसरा व्हिडिओ बंद करेपर्यंत मुलांनी जे पाहिलं ते त्यांना दाखवायचं नव्हतं. तेव्हापासून फाइल आधी उतरवते आणि वर्गात शिरताना फोन विमान मोडवर टाकते. जाहिराती येत नाहीत आणि घरचे मेसेज भिंतीवर झळकत नाहीत.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जड फाइल पाठवण्याआधी तुमच्या वर्गातले फोन कुणाचे आहेत ते विचारा. बऱ्याच घरांत फोन एकच असतो, तो बाबांबरोबर कामाला जातो आणि रात्री नऊला परत येतो. सकाळी पाठवून संध्याकाळी ‘बघितलं का?’ विचारणं त्या मुलावर अन्याय आहे. पडद्यावरचा गृहपाठ नेहमी ऐच्छिक ठेवा आणि त्याचा कागदावरचा पर्याय द्या. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो-व्हिडिओ खुल्या गटांत टाकू नका.

दुसऱ्याचं साहित्य वर्गात शिकवण्यासाठी वापरायला कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२ बरीच मोकळीक देतं. तेच कापून-जोडून स्वतःच्या नावानं चॅनेलवर टाकणं ही वेगळी गोष्ट, ती करू नका.

ठेवायचं कसं

साधं ठेवा. ड्राइव्हवर इयत्तेचा फोल्डर, आत घटकाचा, फाइलच्या नावात महिना आणि वर्ष. नुसता दुवा जपून ठेवू नका, दुवे मरतात. पानाची पीडीएफ किंवा पडद्याचं छायाचित्र घेऊन ठेवा.

टाचणवहीत समासात मी तीनच गोष्टी लिहिते: कोणती ओळ बदलली, माहिती कुणाकडून घेतली, कोणत्या तारखेला पडताळली. वर्गात काही फसलं तर तेही तिथेच, एका ओळीत. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी फक्त समास वाचत जायचं आणि जुनी तारीख दिसेल तिथे थांबायचं. संपूर्ण वहीला एक दुपार पुरते. आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत किंवा स्टाफरूममध्ये हा समास दुसऱ्या शिक्षकाला दाखवा, त्याचा तुम्ही बघा. चौघांनी एकेक घटक घेतला तर सत्राचं काम निघतं.

आणि प्रत्येक घटकाच्या टाचणात शेवटी एक ओळ ठेवा: ‘लाइट गेली तर.’ त्यापुढे नुसता खडू आणि फळा घेऊन तोच मुद्दा कसा शिकवणार ते लिहा. पावसाळ्यात ही ओळ महिन्यातून एकदा तरी लागतेच.